इथं दिनेश नावाचं कोणी राहत नाही

दिनेश रस्त्यात भेटला की आमच्या किन्हीराजातले लोक राम राम करायच्या आधी मुठीतले तुरीचे दाणे पुढे करतात. तो एक दाणा उचलतो, दाढेखाली धरतो, कट् करून फोडतो आणि सांगतो, “अजून दोन ऊन दाखव.” नाहीतर, “झाली. भर पोत्यात.” मंगरूळपीरच्या डाळ मिलमध्ये तो मिस्त्री आहे. ओलावा मोजायचं यंत्र मिलमध्ये आहे, पण शेठजी आधी यंत्राकडे बघतात आणि मग दिनेशच्या तोंडाकडे.

माझं घर त्यांच्या समोरच. मी अंगणवाडीत सेविका आहे, त्यामुळे दुपारनंतर घरीच असते. कस्तुराकाकूंना हा एकुलता एक. त्याच्या बारावीच्या वर्षी वडील रंगराव गेले, आणि परीक्षा होताच पोरगा मिलमध्ये पोती उचलायला लागला. तिथं हेमसिंग नावाचे म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी त्याला दाणा चावायला शिकवलं. “दाना दाताखाली बोलते बेटा,” ते म्हणायचे, “आपुन चूप राह्यलो तं आयकू येते.” दिनेश मुळातच चूप, तो लवकर शिकला. हेमसिंग थकल्यावर मिस्त्रीपण त्याच्याकडे आलं. पगार वेळच्या वेळी, शेठजी सज्जन. काकूंच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. अशी नोकरी सोडायची म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं.

आणि तरी सोडायची वेळ आली. बाहेरदेशाची तूरही आपल्याकडे येते. आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे, तिथून येते. तो माल घेऊन एक गुजराती साहेब मिलमध्ये आले होते. दिनेशनं चार दाणे चावले आणि म्हणाला, “साहेब, याच्यात मागच्या सालचा माल मिसळला आहे.” साहेबांनी तिथूनच फोन लावला. खरं निघालं. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. तिकडं नवी मिल उभी करायची आहे, तू ये. दोन वर्षं. जागा रिकामी आहे, तू सांगशील तशी बांधू.

पैसे जास्त होतेच. पण सुप्रिया, दिनेशची बायको, मला म्हणाली, “ताई, ह्यायले पैशानं नाही भुरळ घातली. त्या रिकाम्या जागेनं घातली.” इथली मिल त्याच्या आधीपासूनची. भुसा उडून वाळवणावर पडतो, पोती दोनदा उचलावी लागतात. कित्येक वर्षं तो आपल्या पोरीच्या, वैष्णवीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर दुसरीच मिल काढत बसायचा. आता ती बांधायला कोणी बोलावत होतं, तर याचा पाय निघेना. शेवटी सुप्रियाच वैतागली. “इथं राहून रोज तिकडचं बोलसान, त्याच्यापक्षा तिकडं जाऊन इथलं बोला.”

पाय अडला होता तो काकूंपाशी. एकदा त्यानं सुप्रियाला विचारलं, “तिथून घरी याले किती वेळ लागन?” दोन दिवस तरी. पुढचं तिला न सांगता कळलं. आमच्याकडं माणूस गेलं की दुसऱ्या दिवसाची वाट कोणी पाहत नाही. आणि अग्नी द्यायला हा एकटाच. आईला विचारावं तर कसं विचारावं? त्यानं विचारलंच नाही. पासपोर्टचा अर्ज तेवढा गुपचूप भरला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. काकू ओट्यावर तुरीचे सोले काढत बसल्या होत्या. सुप्रिया वावरात, दिनेश मिलमध्ये. समोर मोटरसायकल थांबली, वर पोलीस.

“दिनेश रंगराव इथंच राहते का?”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कोन?”

“दिनेश. पोरगा आहे ना तुमचा?”

“नाही बा. इथं दिनेश नावाचं कोनी राहत नाही.”

तो पोरसवदा शिपाई माझ्याकडे वळला. मी दारातच उभी होते. काकूंनी त्याच्या पाठीमागून मला असे डोळे केले की माझ्या तोंडून निघून गेलं, “मला नाही माहीत.” रोज महाराजांची पोथी वाचणारी बाई मी, आणि गणवेशातल्या माणसाला तोंडावर खोटं बोलले. तो काहीतरी लिहून गेला. काकूंनी माझा हात धरला. “वैजयंती, कोनाले सांगू नको व. मिलमदी काही भानगड झाली असन त्याच्या हातानं. बिचारा गरीब आहे, कोनी फसवलं असन.”

त्या दिवसापासून त्या दिनेशला दोन भाकरी जास्त वाढायच्या. एकदा तर म्हणाल्या, “मामाच्या गावी जाऊन राह्य चार दिवस.” त्याला काही कळेना.

पंधरा दिवसांनी त्याच्या मोबाईलवर निरोप आला. पोलिसांचा शेरा : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. दिनेश ओट्यावर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होता. “चाळीस वर्षं झाली, मी इथं राहत नाही तं कुठी राह्यतो?”

पासपोर्टसाठी पोलीस घरी येतो, हे मला तरी कुठं माहीत होतं? आता मात्र मला गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. सुप्रियानं आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडात कोंबून हसत सुटली. “आत्याबाई, पोलीस पासपोर्टसाठी आल्ता! तुमी तं पोरगाच गायब केला!”

दिनेश हसला नाही. त्याचा चेहरा सुटल्यासारखाही झाला आणि विझल्यासारखाही. “जाऊ द्या. देवाच्याच मनात नसन.”

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. नाहीतर देव आम्हा दोघींच्या तोंडून एकदम खोटं कशाला वदवेल?

पण काकूंनी विचारलं, “कायचा पासपोर्ट?”

मग सगळं निघालं. मलावी, मिल, दोन वर्षं. महिन्याअखेर पासपोर्ट दाखवायचा होता, तेही. काकू ऐकत होत्या. त्यांच्या हातात चाळणी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

“सुप्रियाले माहीत. वैजयंतीले माहीत. पोलिसाले माहीत. मलेच नाही माहीत?”

“माय, तुले कसं सांगू...”

“तोंडानं सांगाचं. दाने चावाले तोंड आहे, मायसंग बोलाले नाही?”

त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दिनेशनंही ताट सरकवलं.

सकाळी तो मिलला निघाला. मी अंगण झाडत होते. काकू बाहेर आल्या आणि त्याच्या गाडीसमोरच उभ्या राहिल्या.

“मी मेली तं तुही वाट पाहाले लावू नको. अग्नी वैष्णवी देईन.”

“माय! सकाळी सकाळी काय बोलतं व?”

“मंग कवा बोलू? तू तं इचारत नाहीस. मी रातीच इचारलं तिले. म्हनली, हाव आजी, देईन, पन इतक्यात नको मरू, माही परीक्षा आहे.”

दिनेशनं गाडीच्या हँडलवर डोकं टेकवलं. त्याचे खांदे हलत होते, हसत होता की रडत होता कोण जाणे. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “देवाच्या मनात नाही, असं नको म्हनू. देवानं काही नाही केलं. चूक माही आहे, मी निस्तरतो.”

डोकं वर करून तो म्हणाला, “पासपोर्ट आला तं जाईन.”

“येईन.”

त्याच दुपारी मी अंगणवाडीतून आले तर काकू धुतलेलं लुगडं नेसून माझ्या दारात. “चाल व, ठान्यात जाचं आहे. तू बी खोटं बोलली, तुलेही सांगा लागते.” मी महाराजांपुढे हात जोडले आणि चप्पल घातली.

ठाण्यात तोच शिपाई होता. त्यानं लगेच ओळखलं. “काय आजी, सापडला का दिनेश?”

“सापडला. माह्याच घरी होता.” काकू त्याच्या टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या. “मी खोटं बोलली बापा. हीही बोलली, पन माह्यापायी. तू दारात आला तं मले वाटलं, नेते आता पोराले. तुही माय असती तं तिनं काय केलं असतं?”

तो हसला, पण जरा वरमला. “तिनंही हेच केलं असतं. बसा.” त्यानं अर्ज पुन्हा पाठवायचा कसा ते मला समजावलं, मग कागद काढला. “तपासाला मी परत येतो, पण तुमचा जबाब आत्ताच लिहून घेतो. दिनेश तुमचा मुलगा?”

“हाव.”

“त्याच घरात राहतो? किती वर्षांपासून?”

एवढी साधी चौकशी. पण काकूंनी कालपासून डोळ्यांतून टिपूस नव्हतं काढलं, ते ठाण्यातल्या बाकावर वाहायला लागलं. “जलमापासून,” त्या म्हणाल्या. “बाळंतपन त्याच घरात झालं माह्यं. एक दिवस दुसरीकडं नाही राह्यला तो.”

शिपाई पेन धरून थांबला. “आजी, बाहेरदेशी जायचं आहे त्याला. लिहू ना?”

“लिही. काहून थांबला?”

सही त्यांनी स्वतः केली. एकेक अक्षर दाबून, मधे थांबून, कस्तुराबाई.

परतीच्या गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या. हरभऱ्याची वावरं मागे जात होती. त्यांनी मला विचारलं, “तिकडं ज्वारीची भाकर भेटत असन का व?”

“दिनेशला विचारू या,” मी म्हटलं.

“त्याले नको इचारू. आता कुठं तयार झाला.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मी सुप्रियाले सांगतो. पीठ बांधून देईन.”