चेंडू न दिसणारी कॅसेट

"चेंडूकडं बगायला सगला गाव हाय." आनंदामामा हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे. गेटची कडी लावताना म्हणायचे, चहा फुंकताना म्हणायचे. आम्ही हसायचो. मीही हसायचो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मामा उरणजवळच्या मोरा बंदरातले कोळी. काशिराम नाखव्याच्या होडीवर त्यांचा उभा जन्म गेला. होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून पाण्यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. पाठीनं दगा दिला तेव्हा ते नवीन पनवेलला कोमलकडे, म्हणजे मुलीकडे, राहायला आले आणि आमच्या सरावाच्या हॉलवर वॉचमन म्हणून लागले.

हॉल न्हावा शेव्याला कंटेनरची ने-आण करणाऱ्या एका कंपनीचा होता. मालकांनी हौसेनं बास्केटबॉलचा संघ ठेवला होता. आम्ही बारा जण पगारावर खेळायचो. करार एका वर्षाचा. पटलं तर पुढचं वर्ष. मी खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातला, उंचीमुळे शाळेतल्या मास्तरांनी या खेळात ओढलेला. खेळून पगार घेणारा आमच्या गावात मी पहिलाच. वडील ही गोष्ट बाजारात कुणी न विचारताही सांगायचे.

२००९च्या हंगामात सात सामन्यांत मिळून माझे गुण झाले तेरा. आमचा हुकमी खेळाडू कल्पेश तेवढे पहिल्या दहा मिनिटांत करायचा. मॅनेजर सत्यजीत साहेबांनी पुढच्या वर्षाची यादी केली, तीत माझं नाव खोडलेलं होतं. आमचे प्रशिक्षक प्रभाकर सर पुण्याचे, कमी बोलणारे. ते यादीकडे बघून म्हणाले, "आठव्या सामन्याची कॅसेट बघू. मग ठरवू."

सरांची ती रीतच होती. दर सोमवारी सकाळी हॉलमागच्या खोलीत टीव्हीवर गेला सामना लावायचा, आवाज बंद करायचा आणि पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघायचा. एकेका चुकीवर पाव तास जायचा. पोरं कंटाळायची. मला मात्र त्या खोलीची भीती वाटायची, कारण पडद्यावर मी क्वचितच असायचो. कॅमेरा चेंडूमागे धावायचा आणि चेंडू कल्पेशकडे असायचा.

आठवा सामना आमच्याच हॉलमध्ये होता. नेमका त्या दिवशी कंपनीचा फोटोवाला लग्नाच्या कामाला निघून गेला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कॅमेरा आनंदामामांच्या हातात दिला. "हे लाल बटण दाबायचं, मामा. बाकी काही नाही."

मामा मासळीच्या रिकाम्या क्रेटवर चढून उभे राहिले. सामना संपेपर्यंत खाली उतरले नाहीत.

सोमवारी कॅसेट लागली आणि दोन मिनिटांत खोलीभर हशा पिकला. पडद्यावर चेंडूच नव्हता! माणसं पळत होती, थांबत होती, वळत होती. चेंडू मधूनच यायचा आणि निघून जायचा.

"मामा, माझे एकोणतीस गुण कुठं गेले?" कल्पेश ओरडला. "खाडीत सोडले का?"

"तू टाकलंस तवा सगल्यांनी बगितलं ना?" मामा दारातून म्हणाले. "मंग मी कशाला बगू?"

सत्यजीत साहेब वैतागून उठले. "सर, बंद करा हे. यात ठरवायला काही नाही. जीवनला काढल्याचं पत्र आजच देऊन टाकू."

जीवन म्हणजे मी. वडिलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात आलं.

"थांबा," सर म्हणाले. "मागे घ्या."

मागे घेतलं. कल्पेशला वाट मोकळी व्हावी म्हणून मी त्याच्यामागे लागलेल्या समोरच्या संघातल्या गड्याच्या वाटेत खांबासारखा उभा होतो. तो गडी मला धडकला, पडला. मी त्याला हात देऊन उठवलं. चेंडू चौकटीबाहेर होता, पण बास्केट झाली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी कागदावर रेघ मारली. पुढे पुन्हा तेच. पुन्हा रेघ. कॅसेट संपली तेव्हा अठरा रेघा झाल्या होत्या.

दुसऱ्या बाजूला पाच फुल्या होत्या. दमल्यावर मी कमरेवर हात ठेवून रमतगमत परत येत होतो आणि मी अडवायचा तो गडी मोकळा सुटत होता. तेही मामांच्या कॅमेऱ्यानं सोडलं नव्हतं. मी मान खाली घातली.

"वर बघ," सर म्हणाले. "या पाच मी तुझ्याकडून काढून घेईन. सत्यजीत, या अठरा मी दुसऱ्या कुणाला शिकवायला गेलो, तर दोन वर्षं जातील."

कल्पेश हसायचा थांबला होता. त्यानं पडद्यावरच्या माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "साहेब, याला काढलंत तर माझे एकोणतीसचे नऊ होतील."

नाव यादीत परत आलं.

सरांनी मामांना विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? जाल्याकडं सगले बगतात. मी पान्याकडं बगायचो. मासा जाल्यात यायच्या आदी पानी हलतं, सर."

त्यानंतर सरांनी कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. चार हंगाम मामा त्या क्रेटवर उभे राहिले. मी त्यांच्या कॅसेटी बघून धावायला शिकलो, थांबायला शिकलो, दमलो तरी परत यायला शिकलो. त्या कामावर मी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. आज गावातल्या पोरांना शिकवताना मीही आवाज बंद करूनच सामना लावतो. हे सगळं एका माणसानं चेंडू चुकवल्यामुळे झालं, आणि तो माणूस मला मिळाला, याहून मोठं नशीब मी मागितलं नसतं.

२०१३ साली मामांची पाठ पुरती थकली. शेवटच्या दिवशी त्यांनी कॅमेरा पुसून सरांच्या हातात दिला. मी पाया पडलो तेव्हा म्हणाले, "परत येताना कमरंवर हात ठेवू नको रं." मग पिशवी खांद्याला लावून ते गावी परतायला उरणच्या बसकडे निघाले, हलत्या होडीत चालल्यासारखे, सावकाश, पाय रुंद टाकत.

गेटपाशी आम्ही बाराही जण उभे होतो. मागे सर होते. कल्पेशच्या हातातला चेंडू सुटला आणि उतारावरून घरंगळत रस्त्याकडे गेला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मामा वळणावर दिसेनासे होईपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच बघत होतो.