जनाने छोटा ॲम्प्लिफायर का घेतला

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या बाजारात भाजी निवडत होतो. फोन त्याच्या शेजाऱ्याचा. "जनार्दन गेला. झोपेतच." मी त्याच्यावरच डाफरलो, सकाळी सकाळी काय वाटेल ते बोलतोस म्हणून. मग भाजी तिथेच टाकली आणि सरावलीची रिक्षा पकडली. दीडेक महिना होत आला. अजूनही काही नवं दिसलं की जनाला दाखवायला म्हणून फोन हातात घेतो, आणि मग... असो.

जना मूळचा पालघरजवळच्या माहीमचा. घरची होडी होती, पण ह्याला समुद्रापेक्षा तारांचं वेड. तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं इलेक्ट्रिकल विभागात बरोबरच लागलो. त्याच्या सरावलीच्या इमारतीत कुठल्याही वेळी कुणी ना कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असायचं, त्यामुळे गाणी ऐकायची ती हेडफोनवर. त्यात ह्या गृहस्थाला हेडफोनला जोडायला हवा होता व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर, तोही सुट्या भागांचं किट आणून स्वतःच्या हाताने जोडलेला, आणि खिशाला परवडणारा. दोन वर्षं आम्ही नुसती निवड करत होतो! जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी फोन उघडायचा. मी एखादं स्वस्त किट दाखवलं की म्हणायचा, "अरे, ही नुसती नवरी. वऱ्हाडाचा खर्च कोण करणार? ट्रान्सफॉर्मर वेगळा, पेटी वेगळी." एवढ्या वेळात लोकांची लग्नं होऊन पोरं झाली, असं मी त्याला चिडवायचो.

शेवटी जमलं. मोठ्या व्होल्टेजवर चालणारं, अस्सल व्हॉल्व्हचं किट, ट्रान्सफॉर्मर आणि पेटीसकट बोनसमध्ये बसत होतं. मागवायचंच काय ते बाकी होतं. आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर ह्याने साध्या ॲडॉप्टरवर चालणारं पिटुकलं किट मागवलेलं. बोटाएवढे दोन व्हॉल्व्ह, बाकी जोर ट्रान्झिस्टरचा. माझं डोकंच फिरलं. "दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस ते ह्या खेळण्यासाठी?"

"मोठ्याचे कपॅसिटर बंद केल्यावर पण करंट धरून ठेवतात, हात लागला तर संपलंच, तुला माहीत हाय," तो म्हणाला. "आन आमची सुमन... उघडून पुसल्याशिवाय तिला चैन नाय. मी पाळीला, ती एकटी घरात."

हे मात्र खरं. वहिनीही किनाऱ्यावरच्याच. खाऱ्या हवेत वस्तू आतून गंजतात म्हणून रेडिओ असो की मिक्सर, स्क्रू काढून आतून पुसून घ्यायची त्यांची जन्माची सवय. करंट उतरवायला रेझिस्टर लावू, असं मी म्हटलं. "आन तो जळला तर?" मग वहिनींना बजावून सांग, म्हटलं. त्यावर जना हसला. "सांगितलं तर पुसायचीच सोडेल. आपल्याच घरात भीत भीत राहील. तू पण बोलू नको."

एका रविवारी आम्ही तो जोडला. आवाज गोड निघाला, मलाही मान्य करावं लागलं. जना डोळे मिटून ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "मोठा अजून भारी वाजला असता रे." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. चहा झाल्यावर त्यांनी ॲम्प्लिफायर आणून माझ्यापुढे ठेवला. लखलखीत घरात एवढ्या एकाच वस्तूवर धूळ बसली होती.

"भावजी, ह्यो तुमी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे गेले, म्हणून त्यांना मोठा घेता आला नाय. विचारलं तर म्हणाले, बजेट नाय. एवढी एकच हौस होती माणसाची... माज्याच्याने बघवत नाय ह्याच्याकडे."

जनाला दिलेला शब्द मी तिथेच मोडला. ऑपरेशनचा काही संबंध नव्हता, पैसे होते, सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या.

"म्हणजे माज्यासाठी?"

मी मान हलवली. त्यांनी पेटीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली.

"मग पुसू आता? काय होणार नाय ना?"

"पुसा, वहिनी. तुम्हाला पुसता यावा म्हणूनच त्याने हा घेतलाय."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि उठून आतून स्क्रूड्रायव्हर आणला.