म्हशी नसलेल्या देशाचं लोणी

चिंचवडच्या आमच्या कंपनीने मला नव्या मशीनचं काम शिकायला सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं. आईला पत्रात काय लिहावं ते सुचायचं नाही, म्हणून मी खाण्याचंच लिहायचो. तिने जन्मभर आमच्या गावी, कुरुळीत, दोन म्हशी सांभाळल्या, पहाटे उठून ताक घुसळलं. म्हणून एकदा तिथल्या लोण्याबद्दल लिहिलं. पिवळं, किंचित आंबूस, पावावर जाड थापून खातात. इथे म्हशी नाहीत, सगळ्या गायीच, असंही लिहिलं.

शेजारच्या मावशींच्या मुलीकडून तिने उत्तर लिहून घेतलं. तिची मागणी एकच होती. येताना त्यातलं थोडं आण, तू तिथं काय खातोस ते मला कळू दे.

मी पत्र्याचे तीन बंद डबे आणले. आमच्याकडे रीत होती, परदेशातून आलेल्याने साहेबांच्या टेबलावर काहीतरी ठेवायचं. एक डबा मोठ्या साहेबांना दिला, दुसरा खातेप्रमुखांना. तिसरा आईचा. पण बढतीची यादी ज्यांच्या हातात होती ते अधिकारी जिन्यात भेटले आणि हसत म्हणाले, "काय राव, आमच्या वाट्याला काहीच नाही? आम्ही काय सावत्र?" दुसऱ्या दिवशी तिसरा डबा त्यांच्याकडे गेला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पुण्यात कँपातल्या एका दुकानात तसाच डबा मिळतो, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्याने सांगितलं होतं. रविवारी जाऊन बघायला हवं होतं. मी गेलो नाही.

गावी जायच्या दिवशी पिंपरीच्या बाजारातल्या डेअरीतून म्हशीचं पांढरं लोणी घेतलं. जिलेबीचा पिवळा रंग चिमूटभर कालवला आणि तिकडून आणलेल्या कॉफीच्या रिकाम्या बरणीत ते भरलं. एसटीत ती बरणी मांडीवर धरून बसलो होतो.

ओसरीवर आई आणि मावशी वाट बघत होत्या. आईने बरणी उघडून आधी वास घेतला. मग बोटावर थोडं लोणी घेऊन जिभेवर ठेवलं.

"कसं हाय गं?" मावशींनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. "तिथं म्हशी न्हाईत, असं तूच लिवलं व्हतंस ना रं?" तिने हळूच विचारलं.

मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो.

तिने बरणी मावशींपुढे केली. "घे, खा. फॉरेनचं हाय. लई लांबून आणलंय त्यानं."

मावशींनी बोट चाटलं. "अगं, आपल्यासारखंच लागतंय की."

"लोणी ते लोणी," आई म्हणाली. "माणसं तेवढी निराळी." मग उठून तिने आळीतल्या चार घरी भाकरीवर तो गोळा वाटला. स्वतः पुन्हा चाखला नाही.

बढती मिळाली. पुढे दोन-तीनदा कँपात गेलो, तो डबा दुकानाच्या फळीवर दिसला आणि मी तसाच परत आलो. तो घेऊन आईसमोर ठेवायचा म्हणजे आधी मागचं बोलावं लागणार होतं. यंदा बोलू, दिवाळीला बोलू, असं करत नऊ वर्षं गेली. तिनेही तो विषय कधी काढला नाही, आणि परदेशातलं काही पुन्हा मागितलंही नाही.

मग आई गेली. तिच्या तेराव्याला मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझं ते फॉरेनचं लोणी तिनं समद्यांना खाऊ घातलं. मरस्तवर सांगायची, माझ्या लेकानं माझ्यासाठी इमानातून लोणी आणलं."

खरं काय ते त्यांना सांगावं असं वाटलं. पण सांगितलं असतं तर आई खोटी पडली असती.

"व्हय मावशी," मी म्हणालो.