कार्ड येईपर्यंत हात खिशात

लेकरामने गयानात एका माणसाचा कान उतरवला होता, आणि ही गोष्ट लेकरामच्या आधी विमानात बसून अमेरिकेत क्वीन्सला येऊन पोचली होती. लिबर्टी अव्हेन्यूवर ती प्रत्येकाने आपापल्या परीने वाढवली. कुणी दोन्ही कान म्हणायचं, कुणी कानाबरोबर गालही द्यायचं. खरी गोष्ट एवढीच की कोरेंटाइनच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या गावात, रमच्या गुत्त्यात, बालगोबिन नावाचा माणूस लेकरामच्या आईवरून घाणेरडं बोलला. लेकराम नुकताच उसातून आला होता आणि कोयता हातातच होता. कान टेबलावर पडला, तरी बालगोबिनच्या शिव्या काही थांबल्या नाहीत.

पोलिसात कुणी गेलं नाही. आपल्याकडे कोण जातं? बालगोबिनचे तिघे भाऊ तेवढे लेकरामच्या आईच्या दारात येऊन उभे राहिले. थोरला अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, कानाला कान आम्हाला नको. तुझ्या पोराचा उजवा हात पाहिजे. घाई नाही आमची."

त्या दिवसापासून गाव त्याला टायगर म्हणायला लागलं, आणि त्याच दिवसापासून टायगर दिवे लागल्यावर घराबाहेर पडेनासा झाला.

सुरसतीचं स्थळ आलं ते अशा वेळी. ती लहानपणीच अमेरिकेत आलेली, तिथली नागरिक, वयाने त्याच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी. पहिला नवरा दुसरीचा हात धरून फ्लोरिडाला निघून गेला होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, हे तिचं काम. त्याला जीव वाचवायचा होता, तिला रिकामं घर खायला उठत होतं. दोघांनी एकमेकांना हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. पुढे प्रेम झालं, पण ते आपलं आपण झालं, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

सुरसतीचा धाकटा भाऊ धनराज याला मात्र हे पटणारं नव्हतं. धनराज म्हणजे छपरांच्या कामाचा ठेकेदार, दोन मजली घराचा मालक, मंदिरात पहिल्या रांगेत बसणारा. बहीण आणि मेव्हणा त्याच्याच घराच्या तळघरात राहायचे, आणि मेव्हणा त्याच्याच हाताखाली छपरांवर चढायचा.

"दीदी, हा कार्डासाठी आलाय," तो बहिणीला म्हणायचा. "कार्ड हातात पडलं की तू कोण आणि हा कोण."

"पडू तर दे," सुरसती म्हणायची.

तेच तर पडत नव्हतं. लग्नावर आलेल्याला पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं मिळतं, अटीचं. ते संपायच्या आत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा की बाबांनो, आमचा संसार खरा आहे, आता अट काढा. लेकराम आणि सुरसतीने तो वेळेत केला. सोबत शेजाऱ्यांची, पंडितजींची आणि धनराजची प्रतिज्ञापत्रं जोडली. आता घोळ असा की लग्न दोन झालेली. आधी कागदासाठी कचेरीत जाऊन सह्या, आणि बऱ्याच महिन्यांनी, नातलग गयानाला पोचल्यावर, बांबूच्या मांडवाखाली हळद लावून खरं लग्न. कचेरीतल्या सहीला आपल्यात लग्न कोण म्हणतं? म्हणून सगळ्यांनीच भाबडेपणाने मांडवाची तारीख लिहिली. सरकारी कागदावर दुसरीच होती. सरकारला वाटलं, यांना स्वतःच्या लग्नाची तारीख धड माहीत नाही! फाइल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. तपासणी, खुलासा, पुन्हा तपासणी. मुदत वाढवल्याचं पत्र यायचं, ते संपत आलं की दुसऱ्यासाठी धावाधाव. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली तो फारच आशावादी माणूस असला पाहिजे.

रोटीच्या दुकानावर एका खोलीत बैजनाथ म्हणून कागदपत्रं करून देणारे गृहस्थ बसत. त्यांनी लेकरामला समोर बसवून सांगितलं, "टायगर, तुझी कीर्ती मी ऐकून आहे. ती तिकडेच ठेव. तुझ्या बोटांचे ठसे ते पुन्हा घेणार, पुन्हा तपासणार. मारामारीत एकदा जरी बेड्या पडल्या, तर अर्जाचं काय होईल ते देवाला माहीत. कुणी थुंकलं तर पुसून घे. कार्ड येईपर्यंत हात खिशात."

लेकरामने मान हलवली. त्याला गयानाच्या विमानतळावर उभे असलेले बालगोबिनचे तिघे भाऊ दिसत होते.

एकांतात दिलेला हा सल्ला आठवडाभरात सगळ्या अव्हेन्यूला पाठ झाला.

पहिली थप्पड एका छपरावर बसली. फळी तिरकी ठोकली म्हणून धनराजने ती सगळ्या मजुरांसमोर मारली. लेकरामच्या मानेची शीर टरारून फुगली. मजूर मागे सरकले. त्यांना वाटलं, आता धनराज खाली जाणार आणि शिडीने नाही जाणार. लेकरामने हात खिशात घातले. धनराजने ते पाहिलं, त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग फार गोड वाटलं. ज्या माणसाच्या नावाने लोक घाबरतात त्याला फुकटात मारता येतं, ही चटक दारूपेक्षा वाईट असते.

मग त्याला कारणही लागेना. हातोड्याच्या दांड्याने पाठीवर. बुटाने नडगीवर. एकदा खिळे मारायच्या बंदुकीने त्याने लेकरामच्या बुटातून खिळा आरपार फळीत ठोकला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून गेला म्हणून बरं. "दाजी, हलू नका हं," म्हणत तो हसला आणि लेकराम बूट तिथेच ठेवून अनवाणी उतरला. एका हिवाळ्यात बरगडी मोडली. दवाखान्यात त्याने सांगितलं, शिडीवरून पडलो.

वाघाची शेळी झाली, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. केस कापणाऱ्या पोराने एकदा गंमत म्हणून त्याच्या कानाला कात्री लावली आणि सगळं दुकान हसलं. लेकरामही हसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी सुरसती गरम पाण्याने त्याची पाठ शेकायची. "मी पोलिसांना बोलावते."

"ते दोघांनाही नेतील. माझी फाइल उघडी आहे, त्याची नाही."

"मग काम सोड. दुसरीकडे राहू."

"पत्ता बदलला तर फाइल पुन्हा फिरायला लागेल, बैजनाथ म्हणाले."

ती भावाकडे गेली. धनराज उशीवर लोळत म्हणाला, "दीदी, मी परीक्षा घेतोय त्याची. तुझ्याच भल्यासाठी."

ती खाली आली आणि नवऱ्याला म्हणाली, "कार्ड येऊ दे. मग तू जा आणि त्याला हवं तसं फोड. सख्खा भाऊ आहे, पण मी आड येणार नाही. शब्द आहे माझा."

त्या शब्दावर लेकराम जगला, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

मग धनराजच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी दुपारपासून अंगणात चुली पेटल्या, कढया चढल्या. सात भाज्यांचा स्वयंपाक, सगळा पुरुषांनी रांधायचा. लग्नघरात मांस नाही, दारू नाही. म्हणून दारू रस्त्यावर, गाड्यांच्या डिकीत. यजमान दर थोड्या वेळाने डिकीला नमस्कार करून येत होता. लेकराम एका बाजूला बसून कोयत्याने भोपळे फोडत होता.

"टायगर," धनराज व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भोपळा तरी फुटतो का रे तुझ्याने? की त्याचीही परवानगी काढायची सरकारकडून?"

इतक्या वर्षांत लेकरामने उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. भोपळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "भोपळे सगळे सारखेच असतात, धनराजभाई. काही जमिनीवर वाढतात, काही खांद्यावर."

अंगण फुटलं हसून. व्याही तर पोट धरून हसले.

धनराजही हसला. हसत हसत कढईपाशी गेला. पुऱ्यांचं तेल कडकडीत तापलं होतं. हातभर दांड्याची लोखंडी पळी, जिला आपण कलछुल म्हणतो, ती त्याने तेलात बुडवली, भरून आणली आणि कोयता धरलेल्या हातावर सावकाश रिकामी केली.

लेकराम ओरडला तो आवाज माणसाचा नव्हता. हाताची कातडी मोज्यासारखी सुटून लोंबली. कोयता खाली पडला. धनराजने रिकामी पळी चुलीजवळ फेकून दिली. "आता फोड," तो म्हणाला.

लेकरामने कोयता डाव्या हाताने उचलला. उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोरेंटाइनचे लोक सांगतात की बालगोबिनच्या वेळीही नव्हता. त्याच्या डोक्यातून कार्ड गेलं, फाइल गेली, ते तिघे भाऊसुद्धा गेले. समोर फक्त एक मान होती. कोयता वर गेला.

तेवढ्यात सुरसती कणकेच्या परातीवरून उठून आली. तिने नवऱ्याला धक्का देऊन बाजूला केलं, चुलीजवळची ती कलछुल उचलली आणि सख्ख्या भावाच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. तो गुडघ्यांवर आला तेव्हा तिने दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीवर. प्रत्येक घावाला एकेक गोष्ट मोजत होती: "हा बरगडीचा. हा बुटाचा. हा हसलास त्याचा." चौघांनी ओढली तेव्हा थांबली.

पोलीस आले. लेकराम भाजलेला हात हवेत धरून पुढे झाला. "मी मारलं."

"खोटं बोलतोय," सुरसती म्हणाली. "पळी माझ्या हातात आहे. त्याला दवाखान्यात न्या, मला कुठे न्यायचं तिथे न्या." बेड्या घालताना ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "मला कुठल्या देशात परत पाठवतील, मूर्खा? गप्प बस."

आणि तेल? सगळ्या अंगणाने एका सुरात सांगितलं, कढईतून उडालं. मंदिरातल्या पहिल्या रांगेचा मान असा राखतात आपले लोक. थू!

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जबडा तारेने बांधलेला बाप कन्यादानाचे मंत्र पंडितजींच्या मागून म्हणत होता आणि घशातून नुसतं म्हशीसारखं हंबरणं बाहेर पडत होतं. मुलगी हसू दाबता दाबता रडली.

न्यायाधीशाने सुरसतीला तुरुंगात घातलं नाही, राग आवरायच्या वर्गाला घातलं. पण जिच्या नावावर मारहाणीची नोंद आहे तिला म्हाताऱ्यांच्या घरात कोण पाठवणार? इतक्या वर्षांचं काम एका फोनवर गेलं. तळघर सोडावं लागलं. ती रोटीच्या दुकानात दालपुरी लाटायला लागली, आणि लेकराम तिथेच डाव्या हाताने भांडी घासायला. उजव्या हातावर मांडीची कातडी चिकटवली होती.

ठशांसाठी पुन्हा बोलावणं आलं. यंत्र उजवा हात वाचेना. यंत्रावरची बाई त्याची बोटं पुसून पुन्हा ठेवायची, पुन्हा लाल दिवा. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हाही तेच. भिजत घोंगडं आणखी भिजलं.

पण आता गंमत अशी झाली की हा उशीर धनराजच्या मानगुटीवर बसला. त्याला सुरसतीने दिलेला शब्द कळला होता. सुरसतीने तो दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगितला होता. ज्या दिवशी कार्ड येईल त्या दिवशी टायगर मोकळा! धनराजने कुलपं बदलली. शिडीवर चढताना खाली बघायला लागला. भेटेल त्याला वाकड्या जबड्याने विचारायचा, "आलं का रे त्याचं?" लोक मुद्दाम म्हणायचे, "येतंय म्हणे. पुढच्या आठवड्यात." जे लोक लेकरामला हसले तेच. लोकांना काय, कुणीतरी लागतं.

अखेर मुलाखतीला बोलावलं. साहेबाने लग्नाचे फोटो बाजूला ठेवले आणि सुरसतीला विचारलं, "तुम्हाला अटक झाली होती. सख्ख्या भावाला का मारलंत?"



"ह्याने मारलं असतं तर तुम्ही ह्याला परत पाठवलं असतं," ती म्हणाली. "मला पाठवायला तुमच्याकडे जागा नाही. म्हणून मी मारलं."

साहेब बराच वेळ लेकरामच्या हाताकडे पाहत राहिला. लग्नाच्या तारखेबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही.

कार्ड आलं ते एका शनिवारी सकाळी. सुरसतीने पाकीट फोडलं, कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि त्याला चहा दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाली, "जा."

लिबर्टी अव्हेन्यूवरून तो चालत निघाला तेव्हा दुकानांची दारं एकेक करून उघडली. मागे माणसं गोळा झाली. धनराज अंगणात खुर्चीवर बसला होता, त्याच चुलीच्या जागेजवळ. त्याला कुणीतरी आधीच फोन केला होता. तरी तो पळाला नव्हता. रोज मरून कंटाळला होता बिचारा. बिचारा म्हणतो मी, माझं मलाच नवल वाटतं.

"आलं?" त्याने विचारलं.

"आलं."

"मग मार. संपव एकदाचं."

लेकरामने उजवा हात खिशातून काढला. डावा चांगला होता, पण इतकी वर्षं त्याने मनात जो ठोसा जपला होता तो उजव्याचा होता. त्याने मूठ वळायला घेतली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. ताणलेली कातडी पांढरी पडली, एका ठिकाणी फाटून रक्त आलं, पण मूठ वळेना. त्याने पुन्हा जोर केला.

मग त्याने तो तसाच उघडा हात धनराजच्या गालावर मारला. फटका कसला, एखाद्याने ओला कपडा टाकावा तेवढा आवाज झाला. लेकरामचेच डोळे कळ येऊन पाण्याने भरले.

धनराज डोळे मिटून पुढच्या घावाची वाट बघत बसला होता. तो येईना तेव्हा त्याने डोळे उघडले. गालाला हात लावला, लागलेलं रक्त पाहिलं. ते त्याचं नव्हतं.

"एवढंच?" तो म्हणाला.

लेकरामने हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला, न मिटणारी पाचही बोटं दाखवली.

"एवढाच ठेवलायस तू," तो म्हणाला.