टोचन

एक गाडी दुसऱ्या गाडीला जोडून ओढत न्यायची, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. दोरीनं बांधा, साखळीनं बांधा नाहीतर लोखंडी दांड्यानं, सगळं टोचनच. मी शाळेत मराठी शिकवतो, पण हा शब्द कुठून आला ते मला सांगता येत नाही. टोचतं कुणाला, तेवढं मात्र माझ्या जीपनं शिकवलं.

जीप जुनी, चारही चाकांनी ओढणारी. डोंगरातल्या वाटा, नाले, गाळ, जिथं शहाणा माणूस बैलही घालणार नाही तिथं गाड्या घालणारी आमची चार-सहा जणांची टोळी आहे. आमच्या गावाहून, रिठदहून, तिथपर्यंत जीप जाड टायर घेऊन डांबरावरून चालवायची म्हणजे कान फुटायची वेळ, आणि परत येताना ती धड असेल याचा भरवसा नाही. म्हणून मी ठरवलं, भावाच्या पिकअपमागे तिला तिच्याच चाकांवर ओढत न्यायची.

शेजारच्या मालेगावात माझा एक वर्गमित्र वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याचे अब्बा मिस्त्री, तोही मिस्त्री. त्यानं मला तिकोनी दांडा करून दिला. दोन पाय जीपच्या पुढच्या बंपरला, टोक पिकअपच्या हुकाला. प्रत्येक जोडावर त्यानं घणाचे दहा-दहा घाव घातले, तेही असे की शेजारचा पानवाला दुकान सोडून पाहायला आला. मग मला म्हणाला, आता तू मार. मी मारले. जोड हलला नाही.

मारायचं काम मला जमतं. आमच्या घरात ते पिढीजात आहे. वडिलांची मोटारसायकल एकदा किल्लीसकट चहाच्या टपरीपुढून गेली, आणि त्या दिवसापासून घरात कायदा झाला, उतरला की किल्ली खिशात. मी सतरा वर्षांचा असताना एकदा किल्ली गाडीलाच विसरलो. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला आणि बकलाच्या बाजूनं मारला. पाठीवर अजून खूण आहे. पुढे शाळेतली छडी बंद झाली, म्हणून पोरं वाचली, पण माझा हात काही बंद झाला नाही. भावाला मारलं, बसस्टँडवर एका कंडक्टरची कॉलर धरली. रागाचा मला अभिमानच होता, हे आता लाज वाटत असलं तरी खरं आहे.

दांडा लावायच्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं मला प्रत्येक गोष्ट करून दाखवली. पिना घातल्या, त्यांना चाप लावले. दांडा निसटलाच तर म्हणून खालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेल्या. जीपचा मोठा गिअर न्यूट्रल, चारही चाकं जोडणारा छोटा गिअरही न्यूट्रल, हँडब्रेक खाली. शेवटी किल्ली एक घर फिरवून त्यानं स्टेअरिंग दोन्हीकडे हलवून पाहिलं.

"किल्ली आतच राहू दे," तो म्हणाला. "काढली का स्टेअरिंग जखडते. मंग चाकं वळत नाहीत, घसटतात."

मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मी चिडून म्हटलं, मले शिकवू नको, मास्तर मी हाओ. तो हसला आणि पुढच्या वळणावर जाऊन उभा राहिला, गाडी वळताना दांडा कसा चालतो ते पाहायला. जीपमध्ये माझा मोबाईल राहिला होता, तेवढा काढून मी पिकअपमध्ये बसलो.

सरळ रस्त्यावर जीप गुमान मागे आली. वळणावर पिकअप वळली आणि जीप वळेना. टायर किंचाळले. मागून असा हिसका बसला की माझं कपाळ काचेवर आदळलं. मी भांबावून गाडी आणखी दाबली. दांड्याचा एक पाय वाकला, बंपर अर्धा उखडला, आणि जीप तिरपी घसटत जाऊन चहाच्या टपरीच्या खांबात घुसली. पत्रा खाली आला. उकळतं दूध रस्त्यावर सांडलं. बाकावरची माणसं वेळेत उठली, नाहीतर आज हे लिहायला मी बाहेर नसतो.

कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मिस्त्री धावत आला तो मला धरायला. मी त्याला बोलूच दिलं नाही. मूठ वळली आणि त्याच्या जबड्यावर घातली. तो पडला. पडलेल्याला लाथ मारली, बरगडीत. टपरीवरची सगळी माणसं ऐकत होती, दोघांनी मोबाईल काढले होते, आणि मी ओरडत होतो की तुह्या जोडानं मले मारलं असतं, तुले वेल्डिंग येते का.

तो उठून बसला. थुंकला, त्यात डाव्या बाजूच्या दाताचा तुकडा होता. उलटा हात त्यानं उचललाच नाही. दांड्याकडे बोट केलं.

"जोड पाह्य. तुटला काय?"

मी खाली बसलो. लोखंड वाकलं होतं, जोड एकही तुटला नव्हता. आणि बसताना माझ्या मांडीत काहीतरी टोचलं. पँटच्या खिशात जीपची किल्ली होती. मोबाईल काढताना हातानं आपलं काम केलं होतं. उतरला की किल्ली खिशात.

तेव्हाच ती काढून दाखवायची होती. मी उठलो, कपाळाला रुमाल लावला आणि दवाखान्यात गेलो.

व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. त्यात माझी मूठ होती आणि माझं वाक्य होतं. मास्तर म्हणतात म्हणजे खरंच असेल, म्हणून लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे दांडे वेल्डिंगला दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. काखेत कळसा नि गावाला वळसा असं मी पोरांना फळ्यावर लिहून देतो, आणि माझा कळसा माझ्या खिशात होता. तीन आठवडे मी तो गिळून बसलो. वर्गात कोणी काही फोडलं की मी विचारतो, ज्यानं केलं त्यानं उभं राहा. त्या तीन आठवड्यांत मला ते वाक्य म्हणवेना.

शेवटी वाकलेला दांडा घेऊन गेलो. दुकानात तो एकटाच होता. मी काही बोलायच्या आत त्यानं हात पुढे केला.

"किल्ली दे."

मी दिली. विचारलं, तुले ठाऊक होतं? तो म्हणाला, त्याच दिवशी. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे सरळ गेले होते, चाकं वळलीच नव्हती.

"मंग बोल्ला काहून नाही?"

"तू बोलशीन म्हून थांबलो."

त्यानं मारलं असतं तर मला सोसलं असतं. मार खायची मला सवय आहे. मी तिथंच सांगायला लागलो, हात कसा गेला, वडील, पट्टा. त्यानं मला अर्ध्यात तोडलं.

"मले नको सांगू. टपरीवर सांग."

टपरीला नवा खांब लागला होता. सकाळची वेळ, बाक भरलेला. मी उभा राहिलो आणि किल्ली वर धरली. सगळं सांगितलं, आणि ज्यांनी मागच्या वेळी मोबाईल काढले होते त्यांना म्हटलं, आता काढा. एका म्हाताऱ्यानं चोराच्या उलट्या बोंबा म्हणून घेतलं. ते खरंच होतं.

मिस्त्री मागून येऊन बाकाच्या टोकाला बसला. चहा आला. त्यानं मान कलती करून उजव्या बाजूनं घोट घेतला. मी विचारलं, डावीकडे अजून दुखते का.

"दुखत नाही," तो म्हणाला. "तुटलेला दात जिभेले टोचते."