दुसरा कप

आमच्या गच्चीवरच्या खोलीतल्या कॉलेजकन्येएवढा गोतावळा अख्ख्या नंदुरबारात कुणाचा नसेल, अशी तिची स्टेटस पाहणाऱ्या कुणाचीही खात्री पटली असती. कुणाचा वाढदिवस तिच्या हातून सुटत नसे. कॉलेजच्या शिपायापासून त्याच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना मोबाइलवर केक पोचायचा. मला रोज सकाळी गुलाब यायचा, आणि जिन्यात समोर गाठ पडली की मात्र ही भिंतीला चिकटून पालीसारखी सरकायची. पोरगी डोंगरातल्या मोलगी गावापलीकडच्या पाड्यावरची. तिकडे रेंज फक्त एका टेकडीवर येते. फोन चढूनच करायचा हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की इथे खोलीत भरपूर रेंज असूनही ती बोलायला पाण्याच्या टाकीवर चढायची. "पोरी, टाकी फुटी जाई, खाले उतर!" मी ओरडायचे. "मावशी, इथून आवाज चांगला जातो," हे उत्तर ठरलेलं.

रोज संध्याकाळी तिचं एक स्टेटस असायचंच: कठड्यावर चहाचे दोन कप, खाली 'मैत्रिणीसोबत'. एकदा वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला मी वर गेले, तर मैत्रीण कुठेच नाही. बाईसाहेबांनी फोटो काढला, एक कप संपवला आणि दुसरा तोंडाला लावला.

"दोन कप कसाले वं?"

ती दचकली. "आई या वेळी टेकडीवर येते, स्टेटस बघायला. एक कप दिसला की विचारते, एकटीच का? चार महिने झाले मावशी, वर्गात कुणाशी बोलणंच नाही. कळलं तर घरी बोलावून घेईल. मग कॉलेज संपलं."

रडारड मला जमत नाही. तिच्या हातातला कप घेऊन एक घोट घेतला. नुसता पाक!

"साखर कमी कर. आणि रविवारी मिरच्यांचे देठ खुडायला वर्गातली एखादी घेऊन ये. तोंडाने विचार, गुलाब पाठवू नको."

दोन रविवार ती एकटीच आली. तिसऱ्या रविवारी सोबत एक चष्मेवाली होती. दोघी शिंकत, डोळे पुसत, संध्याकाळपर्यंत हसत बसल्या. देठ निम्मेच खुडले गेले. त्यानंतर संध्याकाळचा दुसरा कप कधी चष्मेवालीचा, कधी माझा.

परवा परीक्षा संपवून ती गावी गेली. काल टेकडीवरून स्टेटस आलं: दगडावर दोन पेले, शेजारी आईचा हात.

मी जन्मात स्टेटस टाकलं नव्हतं. काल कठड्यावर दोन कप ठेवून टाकलं. एकच ठेवला असता, तर पोरगी तिकडे विचारत बसली असती.

दोन कप चहा मला झेपत नाही. संपवला.