बारीक आवाज

शिंदे की छावनी या वस्तीत माझी जुनी पिकअप दुरुस्त करणारे काका आधी बोनेट उघडत नसत. इंजिन सुरू ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, "गप बसा जरा, गाडीला बोलू द्या." बडबड्या गिऱ्हाइकाला ते सरळ बाहेर बसवत.

यंदा गाडीखालून घरघर येऊ लागली. काकांनी मला क्लच दाबायला आणि सोडायला लावलं.

"दाबला की आवाज थांबतो?"

"थांबतो, असं वाटतं."

"वाटून काय होतं? पक्कं पाहिजे."

ते बराच वेळ कान लावून उभे राहिले. मग रस्ता ओलांडून समोरच्या मेकॅनिककडे गेले. दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला सगळ्या गल्लीला ठाऊक होता. तरी तो हात पुसत त्यांच्यामागून आला.

"जरा ऐक," काका म्हणाले. "मला आता बारीक ऐकू येत नाही."

मी खाली मान घालून पुन्हा क्लच दाबला.

"थांबतो, दादा," तो हळूच म्हणाला. "क्लच ठीक आहे. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय."

काकांनी मान डोलावली. तो परत निघाला, तेव्हा त्यांनी पाना त्याच्यापुढे धरला.

"थांब ना. गिअरबॉक्स उतरवायला दोघं लागतात."